आजार दुर्मीळ, अनास्था मात्र सार्वत्रिक

दरवर्षी १७ नोव्हेंबरला आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. सरकारी दवाखान्यांच्या भिंतीवर फलक लागतात, दोन-चार भाषणे होतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून सर्व काही पूर्ववत सुरू होते. ज्याला आपण फेफरे, फिट, आकडी किंवा मिरगी म्हणतो, त्या अपस्माराचे जगात सुमारे पाच कोटी रुग्ण आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकट्या भारतात ही संख्या एक कोटीच्या घरात आहे. दहापैकी सात रुग्णांचे झटके योग्य आणि नियमित औषधाने थांबू शकतात आणि यातली बरीचशी औषधे स्वस्त आहेत. तरीही गरीब देशांतल्या चारपैकी तीन रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. हा झाला साध्या फेफऱ्याचा हिशेब. परंतु ज्यांचे फेफरे औषधाने थांबत नाही, ज्यांच्या आजाराचे नावही तालुक्याच्या डॉक्टरने ऐकलेले नसते, त्या मुलांचा हिशेब कोणी ठेवायचा? आज आम्हाला त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

लाफोरा नावाचा एक आजार आहे. गोन्झालो रॉड्रिगेझ लाफोरा या स्पॅनिश मेंदूतज्ज्ञाने १९११ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला हे नाव पडले. मूल जन्मते ते धडधाकट. चालते, बोलते, शाळेत जाते, पहिल्या बाकावर बसते. मग बारा-चौदा वर्षांच्या सुमारास केव्हातरी त्याच्या हातातून कप निसटतो. हातापायांना अचानक हिसके बसू लागतात. डोळ्यांपुढे उजेडाचे लोळ दिसतात, काही वेळा नसलेल्या आकृतीही दिसतात. मग मोठे झटके सुरू होतात. गणितात पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्या मुलाला पाढे आठवेनासे होतात. शिक्षक म्हणतात आळशी झाला, शेजारी म्हणतात बाहेरचे काहीतरी लागले. पुढे चालणे जाते, बोलणे जाते, गिळणे जाते. आजार सुरू झाल्यापासून साधारण दहा वर्षांत बहुतेक मुले दगावतात. म्हणजे ज्या वयात पोराने कॉलेजची पायरी चढायची, त्या वयात त्याला आई-बाप नळीने पातळ अन्न भरवत असतात.

हे कशाने होते? आपले शरीर जास्तीची साखर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवते. निरोगी माणसाच्या पेशीत हे ग्लायकोजेन झाडासारखे नीट फांद्या फुटलेले असते, त्यामुळे ते विरघळते आणि लागेल तेव्हा वापरता येते. लाफोरा झालेल्या मुलात त्या फांद्या वेड्यावाकड्या लांबतात, ग्लायकोजेनच्या न विरघळणाऱ्या गुठळ्या बनतात आणि मेंदूच्या पेशीत साठत जातात. ही देखरेख करणारी लाफोरिन आणि मॅलिन नावाची दोन प्रथिने शरीरात असतात. त्यांच्यापैकी एकाचे जनुक १९९८ साली सापडले, दुसऱ्याचे २००३ साली. यातल्या कोणत्याही एका जनुकात बिघाड झाला की साठा वाढत जातो आणि मेंदूत झटक्यांचे थैमान सुरू होते. काखेतल्या कातडीचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी घामाच्या ग्रंथीत या गुठळ्या दिसू शकतात. आजार साठवणुकीचा आहे. त्यात भूत नाही, भानामती नाही, कुणाची करणी नाही आणि मागच्या जन्माचे पापही नाही.

साठवणुकीचे असे आजार अनेक आहेत. पेशीत लायसोसोम नावाची जागा असते, तिला पेशीचे सफाई खाते म्हणता येईल. तिथले एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार झाले नाही की कचरा तुंबतो. फ्रेडरिक बॅटन या इंग्रज डॉक्टरने १९०३ साली ज्यांचे वर्णन केले, त्या बॅटन गटातल्या आजारांत हेच घडते. त्यातल्या एका प्रकारात दोन ते चार वर्षांच्या बाळाला झटके सुरू होतात, शिकलेले शब्द ते विसरते, नजर जाते. टे-सॅक्स आजारात बाळ वर्ष-दीड वर्षाचे होता होता बसणे विसरते, त्यालाही फिट येतात. गॉशे आजाराचा तिसरा प्रकार पानथरी आणि हाडांबरोबर मेंदूवरही हल्ला करतो. सफाईचे खाते बंद पडले की काय होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गावाची सफाई ज्यांच्या माथी मारली गेली, त्यांना तुंबलेल्या गटाराचा अर्थ चांगला कळतो.

आता मुद्दा उपचाराचा. लाफोरा बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. परंतु बरे होत नाही म्हणून निदानाची गरज नाही, असे म्हणणे हा निव्वळ आळस आहे. व्हॅल्प्रोएट, क्लोनाझेपाम, लेव्हेटिरासेटाम, पेरॅम्पॅनेल यांसारख्या औषधांनी हिसके आणि झटके काही काळ तरी कमी करता येतात. याउलट फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही सरकारी दवाखान्यात सर्रास दिली जाणारी औषधे अशा मुलांचे हिसके वाढवू शकतात. म्हणजे निदान चुकले तर औषधच मुलाच्या मुळावर उठते. आई-बाप चिठ्ठीप्रमाणे नेमाने गोळी देत राहतात, मूल नेमाने खालावत राहते आणि दोष नशिबाला जातो. केसपेपरवर पाच वर्षे "फिट्स" एवढाच एक शब्द लिहिला जातो, याला आम्ही उपचार म्हणायला तयार नाही. फिटचा प्रकार कोणता, हिसके सकाळी येतात की दिवसभर, अभ्यास मागे पडतो आहे का, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का, एवढे चार प्रश्न विचारायला कोणते महागडे यंत्र लागते?

आमच्या वस्त्यांत आणि गावकुसात मात्र डॉक्टरच्या आधी देवऋषी गाठला जातो, हे कटू सत्य आहे. झटका आला की नाकाला कांदा नाही तर चप्पल लावायची, मुठीत लोखंड द्यायचे, मग अंगारा, मग गंडादोरा, मग अमावस्येचा उतारा. मुलगी असेल तर तिच्या अंगात देवी आली म्हणून तिला पाटावर बसवायचे आणि झटके वाढले की तीच देवी कोपली म्हणून दूर लोटायचे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर सरकारला जाग आली. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणे, काठीने मारणे, चपलेचे पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. फेफऱ्याच्या रुग्णांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या हेच होत आले. तरीही किती गावांच्या चावडीवर हा कायदा लावलेला आहे? तथागताने कारणाशिवाय काही घडत नाही असे सांगितले. कारण शोधा, ते दूर करा, दुःख कमी होईल, हा त्याचा मार्ग. तो मार्ग स्वीकारल्याचे सांगणाऱ्यांच्या घरात फिट आलेल्या पोराच्या दंडाला ताईत दिसत असेल, तर १९५६ च्या धम्मक्रांतीचे आपण काय केले, याचा विचार झाला पाहिजे.

फिट आलेल्या माणसासाठी काय करावे, तेही येथेच सांगून टाकतो. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. घट्ट धरून ठेवू नका. घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकला किंवा एकामागून एक येऊ लागला तर थेट दवाखाना गाठा. एवढे ज्ञान प्रत्येक घरात पोहोचले तरी काही जीव वाचतील.

फेफऱ्याचा सर्वांत मोठा मार बाईला बसतो. मूल आजारी निघाले की सून पांढऱ्या पायाची ठरते. मुलीला फिट येत असेल तर ती लपवून लग्न लावले जाते आणि सासरी कळले की तिला माहेरी आणून सोडले जाते. आपल्या हिंदू विवाह कायद्यातच १९९९ पर्यंत फेफऱ्याचे वारंवार झटके ही विवाहाला अडचण मानली होती. त्या वर्षी दुरुस्ती होऊन तो शब्द काढला गेला. कायद्यातून शब्द गेला, मनातून गेला नाही. म्हणून विज्ञान काय सांगते, ते ठामपणे सांगणे भाग आहे. लाफोरा, टे-सॅक्स, गॉशे या आजारांत बिघडलेले जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही यावे लागते. एकाकडूनच आले तर मूल आजारी पडत नाही, ते फक्त वाहक राहते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, वाहक निघण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळे निघण्याची चारात एक असते. विदर्भातल्या आमच्या वाचकांना हे गणित नवे नाही. सिकलसेलचा वारसा असाच चालतो आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या कितीतरी घरांनी तो भोगला आहे. तेव्हा एकट्या आईला दोष देणाऱ्यांनी बापाकडेही तेवढेच बोट दाखवावे किंवा कुणाकडेच दाखवू नये. आणि फेफऱ्याचे बहुतेक प्रकार असे आई-बापाकडून येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. फिट येणाऱ्या प्रत्येक मुलीचे लग्न मोडणे हा अडाणीपणा आहे. तिला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मात्र गरोदर होण्याआधीच डॉक्टरशी बोलले पाहिजे, कारण ते औषध गर्भाला अपाय करू शकते. आपल्या मनाने गोळी बंद करणे तितकेच धोक्याचे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. दोन्हीकडून तेच बिघडलेले जनुक येण्याचा योग कुठे जास्त जुळून येतो? उत्तर सोपे आहे. जिथे लग्ने नात्यात होतात तिथे. आतेभाऊ-मामेबहिणीत जनुकांचा साधारण आठवा हिस्सा एकाच आजा-आजीकडून आलेला असतो. कर्नाटक-आंध्रच्या सीमेकडे काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही लागते, तिथे हा हिस्सा चौथा होतो. लाफोराचे रुग्ण जगात भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत, मध्य आशियात, पाकिस्तानात आणि आपल्या दक्षिण भारतात अधिक आढळले, त्यामागे नात्यातली लग्ने हे एक मोठे कारण मानले जाते. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतल्या तज्ज्ञांनी दक्षिणेतल्या अशा रुग्णांची नोंद केली आहे. मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, ही महाराष्ट्राचीही जुनी रीत. आपला समाजही तिला अपवाद नाही. हुंडा वाचतो, शेत घरात राहते, माणसे ओळखीची असतात, अशी तिची कारणेही आहेत. ती कारणे समजून घेऊनच तिचा फेरविचार केला पाहिजे.

पण नात्यातले लग्न टाळले म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. जातीतच लग्न करण्याची सक्ती दोन हजार वर्षे चालली तर सगळी जातच एक मोठे नाते होऊन बसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचे खरे लक्षण विटाळ नव्हे, धंदाही नव्हे, तर जातीतल्या जातीत लग्न हे आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. या देशातले लोक अनेक वंशांच्या मिसळणीतून घडले, नंतर त्यांच्यावर बंद कप्प्यांतली लग्ने लादली गेली, अशी त्यांची मांडणी होती. तेव्हा जनुकशास्त्र बाल्यावस्थेत होते. जवळपास शंभर वर्षांनी, २०१३ साली, हैदराबादच्या सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांची जनुके तपासली. साधारण १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथल्या लोकांत मोठ्या प्रमाणावर सरमिसळ होत होती, त्यानंतर ती आटली आणि आपापल्या गटात लग्ने करण्याची रीत घट्ट झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. जात अनादि आहे म्हणणाऱ्यांना याहून वेगळा पुरावा काय हवा?

याच शास्त्रज्ञांच्या गटाने २०१७ साली पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूह असे निघाले, की मूठभर पूर्वजांपासून वाढल्याच्या आणि बाहेर लग्न न केल्याच्या खुणा त्यांच्यात युरोपातल्या ज्यू किंवा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आहेत. याचे परिणाम प्रत्यक्ष दिसतात. आंध्रच्या वैश्य समाजात भूल देण्यासाठी वापरले जाणारे एक औषध काहींना सोसत नाही, कारण ते पचवणारे विकर त्यांच्यात नसते. अगरवाल समाजात मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक वंशागत आजार आढळतो, त्यात मुलांचे डोके मोठे होते आणि फिट येतात. गुजरातच्या प्रजापती समाजात टे-सॅक्सचा एकच ठरावीक जनुकीय बिघाड वारंवार सापडला आहे. ही नावे आम्ही कुणाला हिणवण्यासाठी घेतलेली नाहीत. उच्च म्हणवणारा असो की कारागीर, सगळ्यांनाच ही बंद दाराची रीत भोवली, एवढेच त्यातून दिसते. रक्तशुद्धीच्या नावाने जी जात मिरवली गेली, त्या जातीच्या पोटात हे आजार साठत गेले.

मात्र एक सावधगिरी हवी. जातीच्या समर्थनासाठी वंशशुद्धीचे शास्त्र पुढे करणाऱ्यांची बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात चांगलीच हजेरी घेतली होती. आंतरजातीय विवाहाचा त्यांचा आग्रह स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेसाठी होता, निरोगी वाण काढण्यासाठी नव्हता. तेव्हा कुणी उद्या "चांगले बीज, वाईट बीज" अशी भाषा करू लागला तर त्यालाही आम्ही विरोधच करू. आजारी मूल हे समाजावरचे ओझे नाही. ते या देशाचे नागरिक आहे. आणि आंतरजातीय लग्न केले म्हणजे सर्व आजार टळतील, असा खोटा दिलासाही आम्ही देणार नाही. एका समूहात साठलेल्या ठरावीक बिघाडाचा धोका त्याने कमी होतो, एवढेच विज्ञान सांगते. तेवढेही काही कमी नाही.

समाजाने स्वतः मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण जगासमोर आहे. अमेरिकेतल्या ज्यू समाजात टे-सॅक्सने बाळे दगावत होती. १९७१ पासून त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळांत आणि समाजमंदिरांत तरुण जोडप्यांच्या रक्ततपासणीची मोहीम सुरू केली. कार्यकर्ते त्यांचेच, डॉक्टर विद्यापीठांचे. काही दशकांत त्या समाजात टे-सॅक्सची नवी बाळे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. कुणाला वाळीत टाकले नाही, कुणाचे लग्न जबरदस्तीने मोडले नाही. माहिती दिली, तपासणी दिली आणि निर्णय जोडप्यावर सोपवला. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. म्हणजे तपासणी अशक्य आहे, असे सरकारला म्हणता येणार नाही. परंतु तपासून हातात रंगीत कार्ड द्यायचे आणि पुढे समुपदेशनही नाही, औषधही नाही, असे झाले तर ते कार्ड म्हणजे कपाळावरचा नवा शिक्का ठरेल.

आता सरकारच्या धोरणाकडे वळू. केंद्राने मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात आजारांचे तीन गट पाडले. एकदाच उपचार करून बरे होणारे पहिल्या गटात, तुलनेने कमी खर्चाचे पण दीर्घकाळचे उपचार लागणारे दुसऱ्यात आणि औषध आहे पण प्रचंड महाग आणि जन्मभराचे असे तिसऱ्यात. सुरुवातीला पहिल्या गटासाठी २० लाखांपर्यंत मदत ठेवली होती, मे २०२२ मध्ये ती सर्व गटांसाठी ५० लाखांपर्यंत केली. आकडा मोठा वाटतो. पण जन्मभर दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून विकर द्यावे लागणाऱ्या मुलाला ही मर्यादा किती वर्षे पुरणार? मूल वाढते, वजन वाढते, तसा औषधाचा डोस वाढतो आणि मर्यादा तिथेच राहते. ज्याला औषधच नाही अशा लाफोराच्या मुलाचे तर या गटांत नावच बसत नाही. त्याला लागणाऱ्या झटक्यांच्या गोळ्या, फिजिओथेरपी, नळीवाटेचा आहार, घरी सांभाळणाऱ्या आईची बुडालेली मजुरी, यांतले काय कोण देणार?

केंद्रांची कथाही तशीच. या धोरणात सुरुवातीला जी आठ उत्कृष्टता केंद्रे ठरली, त्यांत महाराष्ट्रातले एकच होते, मुंबईचे केईएम रुग्णालय. गडचिरोलीहून मुंबई नऊशे किलोमीटरहून जास्त आहे. झटके येणाऱ्या मुलाला घेऊन जनरल डब्यातून तो प्रवास करायचा, फुटपाथवर नाही तर धर्मशाळेत पथारी टाकायची, तारखेवर तारीख घ्यायची. जनुकीय तपासणीचा खर्च मजुराच्या एक-दोन महिन्यांच्या कमाईएवढा. महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने राज्यात जनआरोग्य योजना आहे, परंतु तिचा भर दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. रोज खायच्या गोळीला तिचा आधार मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश झाला. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, पण अपस्मार या नावाने फेफरे नाही. मुलाची बुद्धी जाईपर्यंत किंवा पाय जाईपर्यंत प्रमाणपत्रासाठी थांबायचे, असा याचा अर्थ होतो.

आणि पैसे कमी पडले तर? त्यासाठी धोरणाने लोकवर्गणीचा मार्ग सांगितला आहे. सरकारी संकेतस्थळावर मुलाची माहिती टाकायची आणि दानशूरांची वाट पाहायची. ज्याचा चेहरा गोंडस, ज्याच्या बापाला इंग्रजी येते, ज्याच्या ओळखी मोठ्या, त्याची झोळी लवकर भरेल. ऊसतोड कामगाराच्या पोराला कोण ओळखतो? शतकानुशतके आमच्या पूर्वजांना उष्ट्यासाठी ओंजळ पसरायला लावली गेली. ती ओंजळ बाबासाहेबांनी मोडून टाकली आणि हातात संविधान दिले. त्या संविधानाच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क आहे, ४१ व्या कलमात आजारपणात आणि अपंगत्वात सरकारी मदतीची जबाबदारी आहे, ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सांगून टाकले, की पैसा नाही ही सबब सांगून सरकारला आरोग्याच्या जबाबदारीतून सुटता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ एप्रिल २०१४ रोजी एका गरीब रिक्षावाल्याच्या गॉशेग्रस्त मुलाला महागडे उपचार मोफत देण्याचा आदेश दिला. त्या बापाने भीक मागितली नव्हती, हक्क मागितला होता. आमचीही भूमिका तीच आहे.

औषध कंपन्यांचे गणित तर उघडेच आहे. रुग्ण मोजके, म्हणून नफा नाही, म्हणून संशोधन नाही. अमेरिकेने १९८३ साली कायदा करून अशा औषधांना सवलती दिल्या, त्यानंतर काही औषधे निघाली, पण त्यांच्या किमतीने डोळे पांढरे व्हायची वेळ आली. बॅटनच्या एका प्रकारावर २०१७ साली विकराचे औषध मंजूर झाले. ते दर पंधरा दिवसांनी थेट मेंदूच्या पोकळीत सोडावे लागते आणि अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला सुमारे सात लाख डॉलर ठेवली गेली. बोस्टनमध्ये २०१८ साली बॅटनच्या दुसऱ्या प्रकारातल्या एका मुलीसाठी, फक्त तिच्या एकटीसाठी, औषध तयार केले गेले. तिचे झटके कमी झाले, जीव मात्र वाचला नाही. एका लेकरासाठी विज्ञान एवढे करू शकते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण विज्ञान कुणाच्या लेकरासाठी धावते, हा प्रश्न विचारायलाच हवा. लाफोरासाठी ग्लायकोजेनची निर्मितीच कमी करणारी औषधे उंदरांत उपयोगी ठरली आहेत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या स्वस्त गोळीला युरोपात २०१६ साली लाफोरासाठी दुर्मीळ औषधाचा दर्जा मिळाला. तिचा माणसांवर नेमका किती उपयोग होतो, हे आपल्या देशातल्या रुग्णांवर नीट अभ्यास करून तपासण्यासारखे आहे. जेनेरिक औषधांचे जगाचे दुकान म्हणवणाऱ्या देशाने एवढे करू नये?

आमच्या मागण्या अवघड नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात फेफऱ्याची औषधे बारा महिने मिळावीत आणि त्यांत व्हॅल्प्रोएट असावे. औषध घेऊनही वर्षभरात झटके थांबत नसतील किंवा मुलाची बुद्धी मागे पडत असेल तर त्याला मेंदूतज्ज्ञाकडे पाठवणे बंधनकारक करावे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, नाशिक येथील सरकारी महाविद्यालयांत जनुकीय निदानाची आणि समुपदेशनाची मोफत सोय करावी. अपस्मार दिव्यांग कायद्याच्या यादीत नावानिशी आणावा. ज्या आजाराला औषध नाही, त्याच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा भत्ता द्यावा. ५० लाखांची मर्यादा जन्मभराच्या उपचारांना लावू नये. यातली एकही मागणी चंद्र आणून देण्याची नाही.

चळवळीकडेही आमचे मागणे आहे. सिकलसेलसाठी आपल्या कार्यकर्त्यांनी विदर्भात गावोगावी शिबिरे घेतली. तसे फेफऱ्यासाठी का नाही? वर्षावासात विहारातली एक संध्याकाळ डॉक्टरला द्या. आपल्या समाजातून शेकडो डॉक्टर झाले, त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीला द्यावा. वधू-वर मेळाव्यात पोटजात विचारणारे पुष्कळ, घराण्यातल्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलणारे कोणी नाही, ही पद्धत बदलू या. शाळेत मागे पडू लागलेल्या, हात थरथरणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या घरी जाऊन चौकशी करू या. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराला आठवड्यातून एक दिवस कुणीतरी मोकळीक दिली, ती आई दोन तास झोपली, तरी ते फार मोठे काम होईल.

दुर्मीळ आजाराच्या रुग्णांची मते थोडी आहेत, म्हणून त्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत. पण ज्यांची गणतीच होत नव्हती, अशा माणसांना माणूस म्हणून मोजायला लावणे, हेच तर या चळवळीचे काम राहिले आहे. लाफोराचे एक मूल असो की हजार, त्याच्या जीवाची किंमत संविधानाने एकच ठरवली आहे. ती सरकारकडून वसूल करण्यासाठी आवाज उठवला पाहिजे, आणि तो आपल्यालाच उठवावा लागेल.